गेलेल्या घरांची वाडी

बोरी अरबच्या बसस्टँडवर उतरून कोणालाही "घनश्यामची वाडी कुठं?" असं विचारलं, तर तो आधी हसतो आणि मग रस्ता सांगतो. हसणारच. विहिरीला पाणी, जमीन काळी कसदार, मालक धडधाकट, आणि अशा वाडीत या माणसानं लावलं काय, तर दगड! तेही जात्याचे. गावानं बरीच वर्षं याला येडेपणा म्हटलं. मग दारव्ह्याच्या कोण्या पोरानं मोबाइलवर वाडीचा व्हिडिओ टाकला, बाहेरची माणसं पाहायला येऊ लागली, आणि तेच गाव म्हणायला लागलं, "आमच्या घनश्यामभाऊचं डोकंच न्यारं हाय." घनश्यामला पहिल्याचा राग आला नव्हता आणि दुसऱ्याचा आनंद झाला नाही. त्याचं वावर वेगळं आहे, त्यात कापूस, सोयाबीन, तूर सगळं रीतीनं पिकतं. वाडीचं काय करायचं ते त्याचं तो बघेल.

हे सगळं सुरू झालं विठ्ठलरावांच्या घरापासून. विठ्ठलराव म्हणजे शेजारी, वयानं बरेच मोठे. दोन्ही घरांची भिंत एक, त्यामुळे भांडणंही त्याच भिंतीवरून. त्यांचा मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात स्थिरावला, नातवंडं तिकडेच शाळेत जाऊ लागली, तेव्हा विठ्ठलराव आणि अनुसयाबाई घरदार विकून सुरतेला गेले. घेणाऱ्यानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं, जेसीबी लावला. घनश्याम वावरातून परत येत होता, तर मलब्यात जात्याची वरची तळी पडलेली. तिच्या कडेचा एक टवका उडालेला होता. तो लहानपणी घनश्यामनंच हातोडा घेऊन खेळताना उडवला होता आणि विठ्ठलरावांच्या आईचा भरपूर मार खाल्ला होता. या दगडावर दळलेल्या पिठाच्या भाकरी त्यानं आपल्या घरच्याइतक्याच खाल्ल्या होत्या. तो आता विटा-मातीबरोबर ट्रॉलीत जाणार, हे त्याला बघवेना. ढकलत, घरंगळवत त्यानं दगड वाडीत आणला आणि विहिरीपाशी उभा करून ठेवला. मग दम खायला खाली बसला आणि सहज मधल्या भोकातून पलीकडे पाहिलं. मावळतीचं आभाळ दिसलं. सुरत तिकडेच कुठंतरी, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं दगड जरासा फिरवून नीट त्या अंगाला केला.

पुढं मग थांबणंच नाही. गाव सोडून जाणारा माणूस पलंग नेतो, फ्रिज नेतो, देव नेतो. जातं कोणी नेत नाही. चौथ्या मजल्यावर ते चढवणार कोण, आणि दळणार कोण? मास्तरांचं घर नागपूरला गेलं, कासारांचं हैदराबादला, एक घर तर पार ऑस्ट्रेलियाला. प्रत्येकाचं जातं घनश्यामनं मागून आणलं. वरची तळी उभी करायची आणि ते घर जिकडं गेलं तिकडं तोंड करून मातीत पुरायची. मधल्या भोकाला डोळा लावला की आपण त्या घराच्या दिशेनं पाहतो. खालच्या तळ्या आडव्या, त्यांच्या पायवाटा. सगळ्यांच्या मधोमध विठ्ठलरावांचा टवका उडालेला दगड. बाकीचे नुसते मातीत रोवलेले, या एकाला मात्र त्यानं सिमेंट लावलं, कारण पहिला मान त्याचा. प्रत्येक दगडाशेजारी त्या घरच्या अंगणातलं झाड: मास्तरांची गोकर्ण, कासारांची कण्हेर, अनुसयाबाईंची पिवळी शेवंती. बातमी पसरल्यावर उमरखेडच्या एका गेलेल्या घराचा दगड तर एसटीत सीटखाली बसून आला. कंडक्टर म्हणाला म्हणे, याचं तिकीट फुल घेऊ की हाफ?

घनश्यामची बायको भागीरथा यात एकाच गोष्टीवर चिडायची. "जोड्या काहून तोडता तुमी?" ती म्हणायची. "वरचा एकीकडे, खालचा एकीकडे. ज्याचा त्याच्यासंग राहू द्या ना."

"वरचे उभे चांगले दिसते, खालचे आडवे चांगले दिसते."

"मानसाईचं बी असंच करसान काय?"

यावर घनश्याम पाइप घेऊन झाडांना पाणी द्यायला निघून जायचा.

पाहायला येणारा माणूस कुठल्याही दगडाला हात लावून विचारतो, "हे कोणाचं?" मग घनश्याम अख्खं घर उलगडून सांगतो. कोणाच्या घरी तुरीची डाळ कशी भरडायचे, कोणाची सून दळताना गायची आणि कोणाची नुसती बडबडायची, कोण जाताना रडलं आणि कोण रडू नये म्हणून ड्रायव्हरवर ओरडलं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस सगळ्या गावच्या घरात राहून आला आहे.

फक्त एका घराबद्दल तो बोलत नाही. बोरीतलं एकच जातं या वाडीत येणार नव्हतं, ते त्याचं स्वतःचं. ते ओसरीत होतं, भागीरथा त्यावर दरवर्षी तुरीची डाळ भरडत होती. ही वाडी गेलेल्या घरांची आणि आपलं घर काही गेलेलं नाही, असा त्याचा साधा हिशेब. आता त्याचा मुलगा अक्षय पुण्याला जाऊन बरीच वर्षं झाली, तिथं त्यानं फ्लॅट घेतला, लग्न झालं, दिवाळीला येतो आणि भाऊबीज झाली की जातो, जाताना पिशवीत वाडीतला गवती चहा नेतो. गावाला यातलं सगळं ठाऊक होतं. पण कोणी "अक्षय पुन्याले गेला ना?" म्हटलं की घनश्याम ताडकन म्हणायचा, "गेला नाही, कामाले हाय तिकडे." लोक मग विषय बदलायचे. माणूस भला, आणि दुखऱ्या जागी बोट कशाला लावा?

यंदा कापसाची वेचणी जोरात असताना विठ्ठलरावांचा फोन आला. अनुसयाबाई दोन वर्षांपूर्वी सुरतेलाच वारल्या होत्या, तेव्हापासून म्हातारा फोनवर थोडकंच बोलायचा. आज मात्र आवाजात तजेला होता.

"घनश्याम, माह्या नातीचं, निकिताचं, लगन ठरलं गड्या. पोट्टी हट्टालेच पेटली. म्हनते, हयद आजीच्याच जात्यावर दयायची. इकडे हॉलवाले रंगवलेलं जातं देते भाड्यानं, त्याले आरसे लावले असते. दयन काही होत नाही त्याच्यावर, फोटोच निघते. आपलं जातं हाय ना रे तुयापाशी?"

"हाय ना दादा! जिवापाड जपलं. या तुमी."

फोन ठेवला आणि घनश्यामच्या लक्षात आलं, हळद दळायला पुरं जातं लागतं, आणि आपल्यापाशी अर्धंच जातं आहे. वरची तळी वाडीच्या मधोमध सिमेंटात. आणि खालची? तीही मलब्यातून मागाहून आणली असणार, असा त्याचा समज. पायवाटेत इतक्या तळ्या पडल्या होत्या. वरच्या प्रत्येक दगडाचं घर त्याला झोपेतही सांगता आलं असतं, खालच्यांना त्यानं कधी नावंच ठेवली नव्हती. त्या दिवशी तो दोनदा जेवायला विसरला आणि तिसऱ्यांदा भागीरथेनं हाताला धरून ताटावर बसवलं.

ठरल्या दिवशी कार आली. निकिता खाली उतरली, आजोबांना हात दिला. पोरगी उंच, डोळे थेट अनुसयाबाईंचे. मराठी बोलायची, पण मध्येच सुरतेचा हेल यायचा. विठ्ठलराव काठी टेकत वाडीत शिरले आणि एकेका दगडाला हात लावत निघाले. "हे मास्तराचं... हे कासाराचं, हो ना रे?" नजर अधू झाली होती, पण बोटांना कळत होतं. असं करत ते मधल्या दगडापाशी आले, टवक्यावर अंगठा फिरवला आणि तिथंच खाली बसले. शेवंती फुलून आली होती. त्यांनी एक फूल न तोडता नुसतं हातात धरून ठेवलं.

निकितानं भोकाला डोळा लावला. "इथून सुरत दिसतं?"

"दिसत नाही बाई," घनश्याम म्हणाला. "पन तिकडेच हाय."

"आम्ही तिकडून रोज विचार करायचो, गाव कुठल्या बाजूला असेल," ती म्हणाली. "आजी सकाळी गॅलरीत उभी राहून इकडेच तोंड करायची. आम्हाला वाटायचं, सूर्याला नमस्कार करते."

मग विठ्ठलरावांनी सहज, काही मनात नसताना विचारलं, "अन् अक्षयचा दगड कोनता रे?"

"त्याचा कायले राहीन इथं?" घनश्याम एकदम चिडून म्हणाला. "तो काय गेला थोडाच हाय." म्हातारा दचकला. भागीरथा चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती जागच्या जागी थांबली आणि मग उगाच मोठ्यानं म्हणाली, "साखर बरोबर झाली काय पाहा, दादा."

चहा झाला आणि घनश्याम छन्नी-हातोडा घेऊन मधल्या दगडापाशी बसला. हात चालेना. हा दगड काढला की वाडीचा जीवच जाणार. बाकीचे सगळे त्याच्याभोवती उभे राहिलेले. टवक्याचंही भान न राहून क्षणभर त्याला वाटलं, कासारांचा दगड काढून द्यावा, म्हाताऱ्याला कुठं दिसतं, पोरीला तर काहीच ठाऊक नाही. मग त्यानं निकिताकडे पाहिलं. ती जमिनीवर फतकल घालून बसली होती, आपले चांगले कपडे मातीत, आणि दगडाच्या कडेवरून आजोबांसारखाच अंगठा फिरवत होती. घनश्यामनं मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि पहिला घाव घातला.

सिमेंट त्यानं स्वतःच इतकं घट्ट लावलं होतं, की दगड निघेपर्यंत दुपार कलली. निघाला तेव्हा जमिनीत तेवढा मोठा खड्डा पडला. घनश्यामनं तिकडे पाठ केली.

"खालची तळी?" विठ्ठलरावांनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "दादा, जोड्या म्याच मोडल्या," तो म्हणाला. "खालची इथंच हाय कुठंतरी, पन कोनती ते मले सांगता येत नाही." एवढ्या वर्षांत त्याची मान कोणासमोर अशी खाली गेली नव्हती.

मग पायवाट उकरणं सुरू झालं. गड्याच्या मदतीनं एकेक खालची तळी काढायची, वरचा दगड तिच्यावर ठेवायचा, मूठभर ज्वारी टाकून फिरवायचा. एकीवर तो डुगडुगे, एकीवर अडे, एका तळीची खीळच भोकात बसेना. जातं म्हणजे काही भांडं-झाकण नव्हे. दोन दगड वर्षानुवर्षं एकमेकांना झिजवतात तेव्हा ते एकमेकांचे होतात, दुसऱ्याशी त्यांचं जमत नाही. विठ्ठलराव दर वेळी कान देऊन ऐकायचे आणि मान हलवायचे. "नाही रे. तिचं नाही हे." जातं अनुसयाबाईंचं, म्हणून ते "तिचं" म्हणत होते. पायवाट संपत आली.

निकिताच म्हणाली, "असू द्या आजोबा. वरचा आहे तेवढा पुरे." पण हातातली ज्वारी तिनं खाली टाकली नाही.

भागीरथा इतका वेळ दारात उभी होती. ती आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. शेवटी पदराला हात पुसत पुढं झाली.

"अवो, ते खालची तळी घरात हाय," ती म्हणाली.

"कोनाच्या घरात?"

"आपल्या. ओसरीत. मी त्याच्यावरच तर दयतो." सगळे तिच्याकडे पाहायला लागले. "अनुसयाबाई सुरतेले जायच्या आधी आपली खालची तळी फुटलती. डाय भरडाची होती. म्या त्याईले सांगतलं, तं त्या म्हने, माई घेऊन जाय, मी सुरतेत काय दयनार हाय? गड्याच्या हातानं पाठवून देल्ली. आपली वरची तिच्यावर नीट बसत नव्हती, पाचर मारली अन् भागवलं."

"अन् मले नाही सांगतलं?"

"पेरनीचे दिवस होते. तुमी मले तेव्हा नाव तरी विचारत होते काय माहं?"

विठ्ठलराव फसकन हसले. अनुसयाबाई गेल्यापासून ते असे हसले नव्हते, हे निकितानं नंतर सांगितलं.

भागीरथेनं स्वतःच ओसरीतली आपली वरची तळी उतरवून भिंतीला टेकवली. तिच्या जागी विठ्ठलरावांचा दगड ठेवला. खीळ भोकात गेली, आणि दगड असा बसला की पाचरेची गरजच उरली नाही. भागीरथेनं मूठ टाकली, खुंटा धरून एक फेरा दिला. घरघर सगळ्यांनी ऐकली. विठ्ठलराव उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. घनश्याम त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

मग बायकांना बोलवायला वेळ लागला नाही. गल्लीतल्या चौघी आल्या, पाचवी भागीरथा. जात्याला हळदीकुंकू लागलं, आंब्याची पानं आणि सुपारी बांधली गेली. पाच हात एका खुंट्यावर पडले, आणि सुरतेच्या लग्नाची हळद बोरीत दळली जाऊ लागली. गाणं अर्ध्यात कोणालाच आठवेना तेव्हा म्हाताऱ्या शांताबाईंनी आपल्या मनचंच जोडून दिलं, त्यात निकिताचं नाव घातलं, नवऱ्या मुलाचं नाव विचारून तेही घातलं. निकिता नाकापर्यंत पिवळी होऊन हसत होती आणि रडतही होती, आणि फोटो काढायचं तिला सुचलंच नाही.

हळद डब्यात भरली. घनश्यामनं गड्याला हाक मारली, "चाल रे, जातं गाडीत ठेवू."

विठ्ठलरावांनी काठी आडवी केली. "राहू दे."

"असं कसं, दादा? तुमच्यासाठीच तर काढलं."

"सुरतेत ते पलंगाखाली राहीन. इथं भागीरथा डाय भरडते त्याच्यावर. पोट्टीच्या आजीनंच देल्लतं ना हिले, मंग मी कोन नेनारा?" ते निकिताकडे वळले. "तुले पाहिजे तेव्हा इथं ये. घर नसलं तरी जातं हाय आपलं बोरीत." निकितानं भागीरथेला मिठी मारली, आणि भागीरथेच्या लुगड्यावर हळदीचा पंजा उमटला. तो तिनं अजून धुतलेला नाही.

गाडी गेली. वाडीत मधोमध खड्डा तसाच होता. ओसरीत भिंतीला टेकलेली घरची वरची तळी, आता जोडीशिवायची. दुसऱ्या दिवशी घनश्याम त्या दोन्हींमध्ये नुसता येरझारा घालत राहिला. पायवाट लावून झाली, शेवंतीला पाणी देऊन झालं, काम काही उरलं नाही. खड्डा मातीनं भरावा तर मन होईना. भागीरथा तूर निवडत बसली होती. तिनं बराच वेळ पाहून घेतलं आणि मग सूप बाजूला ठेवलं.

"उचला आता," ती म्हणाली. "मी बी लावतो हात."

घनश्याम उभाच राहिला. त्याच्या आईनं या दगडावर दळलं होतं, अक्षय लहानपणी त्याचा खुंटा धरून उभं राहायला शिकला होता. "आपलं घर काय गेलं हाय?" तो म्हणाला, पण नेहमीसारखा चिडून नव्हे.

"आपन हावोत इथं. पोरगं गेलं. गेलं म्हनलं तं काही वाईट होत नाही त्याचं." भागीरथेचे डोळे भरून आले होते, पण आवाज पक्का होता. "साऱ्याईच्या लेकराईले जागा देल्ली तुमी वाडीत. आपल्याच लेकराले काहून नाही?"

घनश्यामला रडू आवरलं नाही. रडत रडतच त्यानं दगडाची एक कड धरली, दुसरी तिनं.

दगड पुण्याच्या अंगाला तोंड करून उभा राहिला. सिमेंट त्यानं या वेळी लावलं नाही.

रविवारी अक्षयचा फोन आला, नेहमीसारखा व्हिडिओवरचा. भागीरथा बोलत बोलत वाडीत आली. घनश्याम नव्या दगडापाशी उकिडवा बसून माती दाबत होता. तिच्या मनात काय आलं कोण जाणे, ती दगडाच्या पलीकडे गेली आणि फोन भोकासमोर धरला.

"अवो, पाहा इकडून."

घनश्यामनं डोळा लावला. गोल भोकात अक्षय होता. मागं त्याच्या फ्लॅटची खिडकी, खिडकीत वाळत घातलेले कपडे.

"बाबा, मले तुमचा एकच डोया दिसून राह्यला," अक्षय हसला. मग भागीरथेचा हात जरा मागं आला, अख्खा दगड दिसला असावा, कारण त्याचं हसू थांबलं. मधोमध विठ्ठलरावांचा टवक्याचा दगड असतो, हे त्याला ठाऊक होतं. "हे नवं दिसते मधलं. हे कोनाचं होय?"

हा प्रश्न घनश्यामला आजवर कितीतरी माणसांनी विचारला होता. आज त्यानं डोळा भोकावरून काढला नाही.

"तुयं हाय, बापा," तो म्हणाला.

फोन धरून भागीरथेचा हात अवघडला, पण तिनं तो खाली केला नाही. बऱ्याच वेळानं तिकडून आवाज आला, "अन् झाड कोनतं लावून राह्यले?"

"तुई माय गवती चहा म्हनते."

"हाव," अक्षय म्हणाला, "तेच लावा."